सोळा पाकळ्या, एक शिट्टी

मोठ्या जाऊबाईंनी तीन महिने ओट्याशेजारी बसून पारदर्शक कागदावर काळ्या शाईने मंडल काढलं होतं. सोळा पाकळ्या, एकेकीत केसाएवढ्या रेघा. एका प्रदर्शनासाठी ते आपल्याच छापखान्यात, आपल्या हाताने जाळीवर, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने छापायचं म्हणून धाकटी जाऊ हरखली होती. खाली जाऊबाईंचं नाव येणार होतं. आजवर ते दवाखान्याच्या कागदाखेरीज कुठे छापून आलं नव्हतं.

प्रदर्शनवाल्याने चित्राचा फोटो नेला आणि छपाईसाठी कॉम्प्युटरवरून फिल्म काढून पाठवली. धाकटीने ती जाळीवर उतरवली, पहिला कागद छापला आणि बघतच राहिली. पाचव्या पाकळीच्या टोकाला जरासा बाक होता. तो तिच्या ओळखीचा. कुकरची शिट्टी झाली नि जाऊबाई दचकल्या, तेव्हाचा. पण तो सहावीतही होता. सातवीतही. सगळ्या सोळांत.

फोन लावला तर प्रदर्शनवाला म्हणाला, हात थरथरलेला दिसत होता, म्हणून एकच पाकळी घेऊन सोळा वेळा फिरवली. आता कसं नीटनेटकं झालंय. वर, कुणाला कळतंय, हेही. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा पाकळ्या केरात टाकल्या आणि ठेवली ती नेमकी चुकलेली, हे तिने त्याला तिथल्या तिथे सुनावलं.

जाऊबाई आल्या. चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं.

"अगं, सोळा वेळा कुकर लावला होता का मी?"

धाकटीला हसू आलं नाही. जाऊ दे, नाव तर येतंय, असं काहीसं जाऊबाई पुटपुटल्या. मग कागद पालथा घातला.

"नाव काढ यावरून. शेवटच्या चार पाकळ्या अंगात ताप असताना काढल्यात मी. त्या कुठायत?"

धाकटीने चित्र घालवायचं औषध चोळून जाळी धुऊन टाकली. घरून मूळ कागद मागवला, त्यावरूनच नवी जाळी केली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनवाला तणतणत आला. छापावर वाकून म्हणाला, पाकळ्या सारख्या नाहीत.

"नाहीतच," धाकटी म्हणाली. "सारख्या हव्यात तर भिंतीवर ताटल्या टांगा. न्यायचं तर हेच, नावासकट."

त्याने हुज्जत घातली खरी, पण उद्घाटन तोंडावर आलं होतं. शेवटी नेतो म्हणाला, फक्त ती फोनवर सांगितलेली चूक तेवढी पुसून द्या.

"दाखवा ना कुठली," जाऊबाई म्हणाल्या.

त्याचं बोट सगळ्या पाकळ्यांवरून फिरून आलं. पाचवीवरून तर दोनदा गेलं.