बागेतला दगड नव्हे

मी बटाट्याएवढा काळा गोळा बोलतोय. दगड म्हणू नका, राग येतो. खोल समुद्राच्या तळाशी, मिट्ट काळोखात, एका माशाच्या दाताभोवती पापुद्रे चढत मी वाढलो. एवढा व्हायला लाखो वर्षं गेली. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग एका बड्या देशाचं यंत्र गाळ उसकटत आलं आणि मला वर घेऊन गेलं. माझ्या पोटात म्हणे निकेल आहे, कोबाल्ट आहे, त्याच्या बॅटऱ्या होतात. असतील. मला विचारलं कुणी?

त्यांना सगळाच तळ खरवडायचा होता. पण तो समुद्र कुणा एकाचा नाही, सगळ्या देशांची मतं लागतात. म्हणून त्यांनी एका छोट्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याला बंदर बांधून द्यायचं कबूल केलं. त्यानं मत कबूल केलं. आठवण म्हणून मला त्याच्या हातात ठेवलं. त्यानं मला कागदांवर ठेवलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेजारच्या देशाची राजदूतबाई आली. दोन्ही देश मासळीवर जगणारे, समुद्रातल्या खाणीला नकार द्यायचा हे त्यांचं आधीच ठरलेलं. वादळात मंत्र्याच्या देशातली घरं उडाली तेव्हा पहिली जहाजं तिच्याच देशाची आली होती.

“दादा, उद्या आपलं मत एकच ना?”

“हे काय विचारणं झालं? चहा घे आधी.”

तिनं मला सहज उचललं. “हे काय हो?”

“ते होय? बागेतला दगड. कागद उडतात ना.”

“खिडक्या तर बंद आहेत.”

तिनं मला खाली ठेवलं. तळहाताला माझी काजळी लागली होती. माझं मेलं अंगच तसं.

“दादा, आमच्याकडेही आले होते ते. असाच गोळा घेऊन. आम्ही परत पाठवला.”

मंत्री कप चाचपत म्हणाला, “आम्हाला बंदर नको का गं?”

“हवं की. मग तसं सांगायचं. दगड काय म्हणता?”

चहा तसाच टाकून ती गेली. मला भुईत शिरावंसं वाटलं, पण तळ केवढा लांब!

दुसऱ्या दिवशी त्यानं खाणीच्या बाजूनं हात वर केला. पुढच्या रांगेत बसलेल्या बाईनं मागे वळूनही पाहिलं नाही. आठवड्यात तिच्या देशानं तिला माघारी बोलावलं. आता यांच्या होड्या त्यांच्या पाण्यात दिसल्या की अडवतात.

मी खणात पडून आहे. खण उघडला की तो माझ्याकडे बघत नाही, मी त्याच्याकडे बघत नाही. मला परत समुद्रात टाका असंही म्हणवत नाही; कोणत्या तोंडानं जाऊ? एवढंच करा, पुन्हा कुणी विचारलं तर मी कुठला ते खरं सांगा.