यादीतला पहिला पर्याय

आईच्या वृद्धाश्रमाला भेटींच्या नोंदीचा प्रोग्रॅम मीच करून दिला, तोही फुकट. तिला तिथे ठेवल्याची टोचणी त्यानं जरा कमी झाली, खोटं कशाला बोलू?

त्यात एक ड्रॉपडाउन होता: भेटायला आलेल्याचं नातं. बाणावर क्लिक केलं की यादी खाली उघडायची: मुलगा, मुलगी, सून, भाऊ, शेजारी, इतर. पण काहीच न निवडता सेव्ह केलं की प्रोग्रॅम बंद पडायचा. नीट दुरुस्ती करायचा कंटाळा. मी कोडमध्ये एक ओळ घातली आणि पहिला पर्याय आधीच निवडून ठेवला. झालं काम, हात झटकून मोकळा.

त्यानंतर तिथे गेलो तो थेट सात महिन्यांनी. ऑफिसात आई बसली होती आणि तिच्याजवळ आमच्या जुन्या शेजारीण, शिंपीणकाकू. महिन्यापूर्वी रुजू झालेल्या संचालकबाई मी कोणाचा मुलगा ते ऐकून उठल्याच.

"अठ्ठावीस भेटी! असा मुलगा मिळायला भाग्य लागतं हो. मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देते."

मी स्क्रीनकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत मुलगा, मुलगा, मुलगा. तिथेच राहणाऱ्या, जन्मभर लग्न न केलेल्या एका बँडमास्तरांनाही अकरा वेळा मुलगा भेटून गेला होता! काउंटरवर कुणी ती यादी कधी उघडलीच नव्हती. मी तर एकदाही आलो नव्हतो; आईच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस भेटी शिंपीणकाकूंच्याच असणार.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई म्हणाली, "हो, येतो की. कामातून वेळ काढून येतो बिचारा."

शरमेनं माझी मान वर होईना. संचालकबाई चहा सांगायला बाहेर गेल्या, तसा मी काकूंकडे वळलो.

"काकू, चूक माझी आहे. आत्ता दुरुस्त करतो. तुमच्या सगळ्या भेटींपुढे 'शेजारी' टाकतो."

आईनं माझी बाही धरली.

"नको रे, राहू दे. महिन्याच्या महिन्याला या भेटींच्या यादीचा कागद खोलीच्या दाराला लावतात. मला डोळ्यांनी दिसत नाही, पण ऐकायला बरं वाटतं."

"वाचून कोण दाखवतं?"

काकूंनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली.

"मीच," त्या म्हणाल्या.