अप्पांच्या टॉवेलवरचा लाल

मी लाल बोलतोय. झेंड्यातला नव्हे, मिरचीतला नव्हे. छपाईच्या यंत्रात घालतात तो लाल रंग. बाटलीवर माझं हातभर लांब इंग्रजी नाव होतं. ते मलाच धड घेता येत नाही, तेव्हा तुम्हीही त्या फंदात पडू नका. लाल म्हटलं की झालं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. शुद्ध आली तेव्हा मी खोक्यात होतो आणि शेजारी काळा, निळा, पिवळा असे तिघे भाऊ. काळ्याला मोठा माज, कारण अक्षरं त्याची. पण मी नसलो तर छापलेला माणूस कावीळ झाल्यासारखा दिसतो. हे त्याला माहीत आहे, म्हणून गप असतो.

माझी खोड आधीच सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला दोनदा आच लागते. पहिली यंत्रातली, कोमट. तिनं मी नुसता कागदावर उतरतो, तोही उलटा, आरशात दिसावा तसा, आणि विटलेल्या तोंडाचा. मग तो कागद कापडावर पालथा घालतात आणि वरून तापलेला लोखंडी पाट दाबून धरतात. ही दुसरी आच. खरी. ती लागली की मी झोपेतून उठतो, कागद सोडतो आणि कापसाचं सूत धरतो. धरलं की धरलं. आच कमी पडली तर मी उठतच नाही आणि पहिल्या पाण्याला वाहून जातो. जास्त झाली तर कापड करपतं. माझ्याशी नीट वागावं लागतं.

खोकं फुटलं ते सोलापुरात, अक्कलकोट रोडवर, मृत्युंजयच्या दुकानात. टॉवेलवर, पिशव्यांवर नावं-फोटो छापून द्यायचं दुकान. मला पहिल्यांदा हातात घेतलं ते मात्र मृत्युंजयनं नाही. त्याचा बाप दाराशी स्टुलावर बसलेला होता. गुरुलिंगअप्पा. त्यानं बाटली उजेडात धरली, हलवली, झाकण काढून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला वासच न्हाय," म्हणाला.

मला राग आला, पण माणूस आवडला. अप्पानं गिरणीच्या रंगखात्यात सत्तावीस वर्षं काढलेली. वाफाळत्या हौदात सूत बुडवायचं, काठीनं फिरवायचं, काढायचं, पिळायचं. कोपरापर्यंत हात कधी निळे, कधी जांभळे. गिरणी बंद पडून एवढी वर्षं झाली, तरी त्याच्या नखांच्या कडेला अजून निळी रेघ होती. त्याच्या लेखी रंग म्हणजे उकळता. कागदावरून कापडावर उडी मारणारा रंग त्याला मान्यच नव्हता.

त्याला तसं कारणही होतं. माझ्याआधी मृत्युंजयनं दुसराच रंग आणला होता. तो पॉलिस्टरवर चढणारा, आणि ह्या बहाद्दरानं तो सुती टॉवेलवर दाबला. मोर छापला होता. दिसायला असा की बघत राहावं. अप्पानं तो घरी नेला आणि त्याची परीक्षा घेतली.

ही परीक्षा त्याची स्वतःची. टॉवेल साबण लावून दगडावर आपटायचा. मग तसाच ओला, पांढऱ्या पंच्यात घट्ट गुंडाळायचा, पाटावर ठेवायचा आणि त्यावर बसायचं. घरच्यांनी चूल पेटवून चहा करून, तो पिऊन होईपर्यंत उठायचं नाही. मग पंचा उलगडायचा. पांढऱ्यावर डाग नसला तर रंग पक्का.

मृत्युंजयचा आख्खा मोर पंच्यावर आला होता.

"मोर उडाला की रे," अप्पा म्हणाला. "कागदावरचा रंग हाय, कागदावरच ठेव."

ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला अप्पा सांगायचा. गिऱ्हाइकालासुद्धा. पोरगा खाली मान घालून ऐकायचा. म्हणून त्यानं मला आणलं. सुताला धरणारा.

ते दिवस मला अजून आठवतात. मृत्युंजय माझी आच शिकत होता. एक तुकडा करपायचा, एक फिका यायचा. पाट उचलला की वाफेचा भपका आणि त्यातून स्टुलावरचा आवाज, "जळकं झालं." पुन्हा पाट, पुन्हा भपका, "अळणी झालं." स्वयंपाक चालल्यासारखं. बारा वाजता अक्कम्मा डबा घेऊन यायची. ती अप्पाची बायको. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी. अप्पा भाकरी मोडता मोडता माझे रद्दी तुकडे हातात घेऊन चोळत बसायचा, आणि ती म्हणायची, जेवताना तरी हात धुवा. सत्तावीस वर्षं धुतला, गेला नाही, असं तो म्हणायचा. मला तेव्हा ही सगळी कटकट वाटायची. आता ती बाटली उघडून परत त्या दुपारी जाऊन पडावं असं वाटतं. पण बाटलीत परत जाता येत नाही.

अखेर एक तुकडा बरोबर उतरला. लालबुंद जास्वंद, मीच सगळा. पण त्या दिवशी स्टूल रिकामं होतं. अप्पा श्वासाचा त्रास वाढून अंथरुणाला खिळला होता. मृत्युंजयनं तुकडा घरी नेला. अप्पानं अंगठा थुंकीनं ओला केला आणि माझ्यावर घासायला गेला. अंगठ्यात जोर राहिला नव्हता.

"पाण्यातनं काढ," म्हणाला. "मग सांगतो."

सांगायला तो राहिला नाही. चौथ्या दिवशी गेला. घर लिंगायतांचं, तेव्हा रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली.

वरीस भरत आलं तसा मृत्युंजय पुण्यस्मरणाच्या तयारीला लागला. ह्या घरात त्या दिवशी स्वामींची पूजा, प्रसाद आणि आलेल्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची पद्धत. मृत्युंजयच्या डोक्यात आलं की टॉवेल कोरा का द्यायचा. अप्पाचा फोटो छापून देऊ. म्हणजे सगळ्या पाहुण्यांच्या हातात बापाचं तोंड आणि त्याच तोंडावर पोराचा पक्का रंग. बापाचं जे सांगायचं राहिलं, ते चार लोक वापरून सांगतील.

अक्कम्मा नको म्हणाली. कानडीत म्हणाली, "ब्याड." मग मराठीत म्हणाली की टॉवेल ही काय फोटो लावायची जागा आहे का. त्यानं ऐकलं नाही. एका बाजूचे फासे कातरून गुळगुळीत केलेले मऊ सुती टॉवेल आणले आणि दीडशे छापले. कपाळावर विभूती, डोक्याला पांढरा रुमाल, डोळे वटारलेले. स्टुलावर बसलेला असताना मोबाईलवर काढलेला फोटो होता तो. गालांत, ओठांत, कानाच्या पाळीत मी होतो. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं. पाट उचलला की दर वेळी अप्पा वाफेतून वर यायचा. मृत्युंजय एकदा पाट उचलून तसाच उभा राहिला. पुढचा कागद लावायचा विसरला.

पुण्यस्मरणाला सगळ्यांनी वाहवा केली. लोकांनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले, पिशवीत घातले.

आणि कुणी वापरले नाहीत.

कोण वापरेल? महिनाभरानं अक्कम्माचा भाऊ निंगप्पा अक्कलकोटाकडून आला. टॉवेल इस्त्री करून पिशवीत. चहा झाला, पाऊसपाणी झालं, म्हैस व्याली तेही सांगून झालं. मग त्यानं टॉवेल काढून हळूच मांडीवर ठेवला.

"आक्का, रागावू नगंस. आंगुळ करून आलो, आंग पुसायला हे घ्यातलं, तर दाजी बघायलेत. तसाच वला उबा ऱ्हायलो."

"मग?" अक्कम्मा म्हणाली.

"मग काय. कापडं घातली आन् मग पुसलं."

अक्कम्मा हसली नाही. पण तिचा पदर हलला, मी पाहिलं.

निंगप्पा एकटा नव्हता. कुणी टॉवेल काच लावून भिंतीला लावला होता. कुणी देव्हाऱ्याखाली अंथरला, मग त्यावर देव ठेवावा की नाही ह्यावरून घरात भांडण. शेजारची काशम्मा विचारून गेली की हा तळ्यात सोडला तर चालेल का. काही जण तर दुकानाच्या ओट्यावर गुपचूप ठेवून गेले. दुकानातल्या कपाटात अप्पांची थप्पी लागली. मला आत त्या अंधारात बसवलं. वर अप्पा, खाली अप्पा, सगळ्यांत मी, आणि कुणाच्या अंगाला पाणी नाही.

मृत्युंजय एक दिवस त्या तापत्या पाटाच्या यंत्रावर, प्रेसवर, चादर टाकून घरी आला. येताना एक टॉवेल काखेत होता. तो आईपुढे टाकला. कुणी वापरतच नाही तर पक्का का कच्चा हे कळणार कुणाला, असं काहीसं पुटपुटला आणि मग स्पष्ट म्हणाला,

"अव्वा, अप्पा बरोबर बोलले. कागदावरचाच रंग हाय ह्यो. दुकान बंद करतो."

अक्कम्मानं मला उचललं. मागच्या अंगणात नेलं, बादलीत बुडवलं, साबणाची वडी अप्पाच्या तोंडावर खसाखसा घासली. आणि दगडावर आपटलं. मी बाटलीपासून आजवर खूप सोसलं आहे, पण तो मार वेगळा. निंगप्पा त्या दिवशी बाजाराला म्हणून आलेला, तो ओरडला की आक्का, दाजीला असं बडवू नको. ती म्हणाली की जित्तेपणी जमलं नाही.

मग तिनं पांढरा पंचा आणला. मला ओलाच त्यात आवळला, पाटावर ठेवलं आणि वर बसली. सुनेला, श्रीदेवीला, चहा टाकायला सांगितला.

त्या पंच्यात माझी काय अवस्था झाली, सांगतो. वरून म्हातारीचं वजन, सगळीकडून पाणी मला ओढतंय आणि चहूबाजूंनी पांढरं सूत. सोडून द्यावं, सरकावं, इतकं सोपं होतं. पण मला स्टूल आठवलं. "अळणी झालं" आठवलं. मी माझं सूत धरून बसलो. काळा, निळा, पिवळा, ते भाऊही बसले. आम्ही चौघे पहिल्यांदा एक होऊन बसलो.

चहा झाला. कपबश्या आल्या. मृत्युंजयनं कप हातात धरला, प्यायला नाही. अक्कम्मा मात्र सावकाश, बशीत ओतून, फुंकर मारून प्यायली. बशी खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पंचा उलगडला. खिडकीपाशी नेऊन पुढून बघितला, मागून बघितला. मग पोराच्या हातात दिला.

"बघ," म्हणाली. "पांढरा हाय."

मृत्युंजय पंचा धरून तिथंच खाली बसला.

तिनं मला पिळलं, झटकलं आणि ओल्या टॉवेलानं निंगप्पासमोर स्वतःचं तोंड पुसलं. कपाळ, डोळे, मान. सगळं.

"जलमभर लोकांच्या आंगासाठी रंग केला त्यांनी," ती म्हणाली. "कपाटासाठी न्हाय. निंगप्पा, तुजा टॉवेल घिऊन जा. आन् आंग पूस. ते बघत्याल तर बघू दे, तुज्यात बघण्यासारकं काय बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी प्रेसवरची चादर निघाली. आणि अक्कम्मा फोन घेऊन बसली. ज्यांच्या ज्यांच्याकडे टॉवेल गेला होता, त्यांना एकेकाला सांगत सुटली की काच काढा, देव्हाऱ्याखालून काढा, धुवा, आपटा, पुसा. कपाटातली थप्पी तिनं पुन्हा वाटली, ह्या खेपेला हात जोडून नाही, दम देऊन.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी अक्कम्माकडेच आहे, मोरीतल्या खिळ्यावर. रोज सकाळी ती तोंड धुते आणि मला तोंडाला लावते. अप्पाचा डावा गाल पार विरळ झालाय, कारण तिचा हात नेहमी तिथंच पडतो. कानापाशी भोक आहे. कड उसवली आहे. मृत्युंजय परवा म्हणाला की अव्वा, नवीन छापून देतो, फोटो आहे माझ्याकडे. ती म्हणाली, हा संपू दे की आधी.

माझं मागणं फार नाही. लोक म्हणतात टॉवेलचा रंग गेला. नीट बघा, मी गेलेलो नाही. सूत चाललंय. जिथं धागा शिल्लक आहे तिथं मी पहिल्या दिवसाइतका लाल आहे. तर मला जपून ठेवू नका. फाटलो तर फरशी पुसा, फरशी झाली तर सायकलची चेन पुसा. घडी तेवढी घालू नका. शेवटचा धागा तुटेल तेव्हा मी जाईन. त्याआधी मला कुणी घालवू शकत नाही.

चला, नळाला पाणी आलं. म्हातारी उठली.