कोनफळांचं रान उघडं पाडणारा कोयता

मी एक जुना कोयता आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. हसायचंच असेल तर माझ्या मालकाला, क्लेमेंसला हसा.

मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यातून मला घडवलं आणि खारफुटीच्या लाकडाची मूठ बसवली. वीस वर्षं मी प्रशांत महासागरातल्या पोनपेई बेटाच्या चढणीवर रान तोडलं. "असं पातं अख्ख्या बेटावर नाही," असं क्लेमेंस सगळ्यांना सांगायचा. जन्मात तो तेवढंच एक खरं बोलला असेल.

आमच्याकडे कोनफळं लपवतात. दाट झाडीआड वेल चढवायचे, कोणी विचारलंच तर कानांवर हात ठेवायचे. मग सणाच्या दिवशी आठ माणसांनी उचलावं असं एकच धूड गावप्रमुखापुढे आणून टाकायचं, म्हणजे सगळे तोंडात बोटं घालतात. दुसऱ्याचे वेल मोजणं तर शुद्ध निर्लज्जपणा. काय हे एकेक नग!

अशात सरकारने शेतीचं नवं धोरण आणलं. धोरण चांगलं होतं, माझ्यासारख्या लोखंडालासुद्धा ते कळलं. सरकारी चढणीवर जो पीक घेतो, जमीन त्याच्या नावावर. पडीक असेल ती मिरीच्या मळ्याला. आमची चढणही सरकारीच. शेतीखात्याचा रोसेंदो कागद घेऊन दारात आला.

"क्लेमेंसकाका, कोनफळांचे वेल किती?"

"कसले वेल रे बाबा! दोन मरतुकडे आहेत. चाललंय कसंबसं."

शंभरावर वेल होते! रोसेंदो याच बेटाचा, त्याला हे थोतांड पाठ होतं. तरी पठ्ठ्याने मान डोलावली आणि 'दोन' लिहिलं. आग लागो असल्या सभ्यपणाला!

क्लेमेंसची बायको कासियाना चुलीपाशी होती. तिने मला भिंतीवरून खेचलं.

"अहो, जमीन गेली की हा मोठेपणा उकडून खायचा का?"

ती तरातरा चढणीला लागली. रोसेंदो मुकाट मागे. आडोशाची झाडी मी सपासप तोडली आणि सगळे वेल उघडे पडले. तर हा शहाणा पाठ फिरवून उभा!

"अरे मेल्या, इकडे बघ! मोज!"

"काकू, लाज वाटते हो मला."

"मग मी मोजते. तू लिही."

तिने एकशे बारा वेल मोठ्याने मोजले. क्लेमेंस खाली घरात तोंड झाकून बसला होता. जमीन मिळाली, पण कासियानाच्या नावावर, कारण कबुली तिची होती.

त्या सणाला क्लेमेंसचं धूड बघून कोणी तोंडात बोट घातलं नाही. वेल किती ते सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. त्याने नवा कोयता आणला आणि मला डुकरांच्या खोपटावर भिरकावलं. म्हणे मी घरभेदी! इथे पाऊस रोजचाच, गंज पार मुठीपर्यंत आला आहे.

मित्रांनो, जुन्या अवजाराला निदान तेलाचं बोट तरी लावत जा. क्लेमेंसकडून मी ती आशा सोडली आहे. तो रोज त्याच चढणीवर जातो, आता तिथून त्याला कोणी उठवू शकत नाही. आणि याबद्दल त्याने अजून कासियानाचेसुद्धा आभार मानलेले नाहीत.