पातं हातात देत नाहीत

रबाळ्याच्या ज्या कारखान्यात मी प्रेस चालवायचो, त्याला मालकानं एका सकाळी कुलूप ठोकलं. कोर्टात जा म्हणाला. कोर्टात जायला आधी जेवून जावं लागतं. मग मी दिघ्यात माझ्या झोपडीमागं ऐरण म्हणून रुळाचा तुकडा रोवला, भंगारातून ट्रकच्या कमानीचे पट्टे आणले आणि कोळसा पेटवून मासे कापायच्या कोयत्या ठोकायला बसलो. शिकवणारं कुणी नव्हतं. लाल करायचं, ठोकायचं, पाण्यात बुडवायचं, एवढंच माहीत.

पहिली कोयती कोपरखैरण्याच्या मासळीबाजारात दुर्गाबाईनं घेतली. पुढच्या खेपेला तिनं त्या कोयतीचे दोन तुकडे माझ्या पायाशी फेकले. अंगठ्याला चिंधी बांधलेली.

“ही कोयती हाय का काचेची बांगरी? तुकडा डोल्यान गेला असता माज्या. अजून एक आन. तीबी मोरली त बाजारान पाय ठेवू नको.”

म्हणजे अजून एकच. ती मोडली की चूल बंद. पातं का मोडतं ते सांगणारा माणूस मला हवा होता, आणि तोही जवळपास, कारण लांब जायला भाडं नव्हतं.

दिघ्याच्या रस्त्यावर मारोती लोहार विळे-कुदळी करत बसायचा. मी तुकडे काढून त्याच्यापुढं धरले. तो चटका बसल्यासारखा मागं सरला.

“खाली ठेव, खाली! पातं हातात देतोस? आपल्यात मारामारी लावायचीय? खाली ठेवायचं, घेणारा उचलतो.”

मी खाली ठेवले. त्यानं उचलले नाहीत.

“लोहार आहेस?”

“नाही.”

“मग आमच्या पोटावर कशाला पाय देतोस? फूट.”

फुटलो. बाजारामागच्या मटणाच्या दुकानात एक सुरी बघितली होती, झिजून निम्मी झालेली तरी धार तशीच. मुठीजवळ तीन ठिपके ठोकलेले. दुकानदाराला विचारलं, ही बनवली कुणी?

महिना बघा कुठला. त्र्याण्णवचा फेब्रुवारी. खाडीपलीकडं मुंबई नुकती दंगलीत जळून निघालेली, आणि मी, सयाजी नावाचा माणूस, खाटकाला विचारतोय, सुऱ्या कोण बनवतं? दुकानातली गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली.

“खबरी आहेस का?” दुकानदार म्हणाला.

मी तुकडे त्याच्या ठोकळ्यावर ठेवले. “मला एवढं विचारायचंय, हे मोडलं का. बास.”

त्यानं तुकडे उलटून बघितले. मग हसला. “एवढं भिकार काम खबऱ्याकडे कुठून येणार! जा मागे. अहमदभाई.”

मागं पत्र्याची शेड. भट्टी गार. मुरूडकडचा एक म्हातारा खाटेवर बसलेला, उजवा हात चादरीत.

“मी काही बनवत नाय,” मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. “कधी बनवलंच नाय.”

मी तुकडे जमिनीवर ठेवले आणि दोन पावलं मागं झालो.

त्यानं माझ्याकडं बघितलं. तुकड्यांकडं बघितलं. शेवटी वाकून डाव्या हातानं एक उचलला आणि मोडलेली बाजू उजेडाकडं धरली.

“पोलादाचा दाणा बघ. खडेमीठ नुसतं. जाळलंस पोलाद. वर पाणी पाजलंस. याला तेल पाजतात रे बाबा! गाडीचं जळकं तेल. मग घासून उजळ करायचं आणि परत शेकायचं. वाळल्या गवताचा रंग चढला की थांब. निळं झालं की गेलं.”

“आणि म्हणे बनवत नाही.”

त्यानं चादर बाजूला केली. उजव्या हाताची बोटं चेचलेली, वाकडीच जुळून आलेली.

“आमच्यातल्याच पोरांनी. तलवारी पायजे होत्या. म्हटलं, मी बोकडाची सुरी बनवतो, माणसाची नाय. मग माझाच हातोडा, माझीच ऐरण.”

“पोलिसात नाही गेलात?”

“गेलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, तलवारी कुठे ठेवल्यास?”

त्याच्या भट्टीवर मी ठोकलं, त्यानं नुसतं बघून शिव्या घातल्या. लाल किती झालं, थांबायचं कुठं, सगळं डोळ्यानं. ती कोयती दुर्गाबाईनं घोळ माशाच्या मुंडक्यावर घातली. मुंडकं दोन झालं, कोयती एकच राहिली.

“आता हाय ही कोयती,” ती म्हणाली. “आमच्या बाकीच्या बायांनापन आन.”

बाजारात नाव झालं, तेच नडलं. दत्तू आमच्या गल्लीतला, मंडळाचा अध्यक्ष, माझ्या लग्नात पंगत वाढलेला. चौघांना घेऊन झोपडीमागं आला.

“सयाजी, चांगली पाती पाडतोस म्हणे. तलवारी पायजेत. पोलाद आमचं.”

“कशाला?”

“कशाला काय? ते पण तिकडे बनवत असतीलच ना!”

“तिकडं जो बनवणारा होता, त्यानं नाही म्हटलं. त्याचा हात बघितलाय मी.”

“म्हणजे जातोस तिकडे. खरं आहे तर.”

“जातो. शिकायला जातो. तलवार होणार नाही, दत्तू. बाकी काय सांग.”

दोघांनी मला धरलं, एकानं माझा उजवा हात रुळावर दाबला. हातोडा माझाच होता. शेजारची सगळी माणसं घरात होती आणि सगळ्यांचा रेडिओ एकदम मोठा झाला.

धर्म वेगळा, हातोडा तोच, आणि मारणारे दोन्हीकडं घरचेच. याच्यावर ज्यांना भाषण करायचं असेल त्यांनी करावं. मला कोयत्या द्यायच्या होत्या.

प्लास्टर घातलेला हात घेऊन मी अहमदभाईच्या शेडमध्ये गेलो. त्यानं माझ्या हाताकडं बघितलं, मग आपल्या. उठून भट्टी पेटवली. कोपऱ्यातला हातोडा आणून माझ्या पायापुढं जमिनीवर ठेवला, आणि डाव्या हातात सांडशी घेऊन लाल पट्टा ऐरणीवर धरला.

मी हातोडा डाव्या हातानं उचलला. पहिला घाव चुकला, ऐरणीवर पडला.

“आंधळ्या,” अहमदभाई म्हणाला. “परत मार.”