सुलटी झाली, उलटी राहिली

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी माझं आयुष्य सुरू झालं. तसा कारखान्यात मी आधीच तयार झालो होतो, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. खूप उष्णता, खूप खडखडाट आणि माझ्यासारखेच शेकडो. त्याला काय जन्म म्हणायचं! कुणीतरी आपल्याला आपलं म्हणून हातात धरलं, की खरा जन्म.

मी दाढीचा रेझर बोलतोय. जुन्या पद्धतीचा. अंग पितळेचं, वर चकचकीत मुलामा. दांडा फिरवला की माथा सुटतो आणि आत पातळ ब्लेड बसतं. ब्लेड बदलत राहतं, मी तोच राहतो. हल्ली ते रंगीत प्लॅस्टिकचे येतात ना, चार दिवस वापरायचे आणि टाकून द्यायचे, त्यांच्या भावकीतला मी नाही.

त्या सकाळी ज्या हाताने मला धरलं तो हात एका लिफ्टवाल्याचा होता. खरं तर तो लिफ्टवाला त्याच दिवसापासून होणार होता. पुष्कळ मजल्यांच्या एका ऑफिसात त्याला नोकरी लागली होती. दुकानदाराने मला देताना बजावलं होतं, "दाबायचं नाही हं. त्याला त्याचं वजन आहे. तुम्ही नुसतं धरा." पण पहिला दिवस, त्यात घाई. त्याने दाबलंच. हनुवटीवर रक्ताचा थेंब आला, त्यावर वर्तमानपत्राचा कपटा चिकटवून तो तसाच कामावर गेला. संध्याकाळी बायकोला सांगत होता, "साहेब विचारत होते, घरी भांडण झालं का रे? म्हटलं, नाही साहेब, नवीन ओळख झालीय."

त्यानंतर त्याने मला कधी दाबलं नाही, आणि मीही त्याला कधी कापलं नाही.

लिफ्ट म्हणजे कपाटाएवढी खोली. माणसं एकमेकांच्या नाकासमोर उभी असतात. "तिथे माझा गाल म्हणजे ऑफिसचा दरवाजा," असं तो म्हणायचा. म्हणून तो दाढी दोनदा करायचा. आधी फेस लावून वरून खाली, केसांच्या कलाने. ती सुलटी. मग पुन्हा फेस, आणि खालून वर, केसांच्या विरुद्ध. ती उलटी. "सुलटी म्हणजे खाली येणारी लिफ्ट, उलटी म्हणजे वर जाणारी. माणसांना नुसतं खाली आणून सोडलं तर साहेब ठेवतील का मला?"

त्याची मोठी मुलगी त्याच्याबरोबर उठायची. पाणी तापवून द्यायची आणि स्वयंपाकघरातून विचारायची.

"बाबा, सुलटी झाली?"

"झाली."

"उलटी?"

"राहिलीय."

"मग चहा थांबवते."

शेवटी बायको यायची, पालथा हात त्याच्या गालावरून वर फिरवायची आणि म्हणायची, "पास." की तो निघाला.

धाकटा मुलगा मात्र तेव्हा गाढ झोपलेला. तो उठेपर्यंत बापाची लिफ्ट दहादा वरखाली झालेली असायची. त्याने हे सगळं कधी पाहिलंच नाही. एवढी साधी गोष्ट, पण पुढे तीच नडली.

वर्षं गेली. मुलगी सासरी गेली, दूर. बायको वारली, आणि "पास" म्हणणारं कुणी उरलं नाही. लिफ्टवाला निवृत्त झाला, सून आली, नात झाली. तरी रोज सकाळी सुलटी, मग उलटी, पण आता न बोलता. मुलगा अंथरुणातूनच चिडवायचा, "बाबा, आता कुणासाठी एवढी घासाघीस?" तो म्हणायचा, "तुला नसेल सवय रे. मला चुकल्यासारखं होतं."

मग ती सकाळ आली. सुलटी झाली होती. दुसऱ्यांदा फेस लावून तो एका गालावरून वर निघाला आणि अर्ध्या वाटेत त्याची बोटं सुटली. मी बेसिनमध्ये पडलो. इतक्या वर्षांत त्याने मला कधी पाडलं नव्हतं. त्याला मी आरशात नव्हे, खालून पाहिलं. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि एका गालावर फेस तसाच होता.

अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणाले. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा त्याची उजवी बाजू निकामी झाली होती आणि बोलणं जवळजवळ गेलं होतं. बाहेरच्या खोलीत त्याची खाट टाकली, कपाटासमोर.

सून माझ्याकडे बघून घाबरली. रांगती मुलगी घरात, आणि बेसिनवर ब्लेड! तशी ती काळजीनेच भरलेली बाई. बाळाचं दूध दोनदा हुंगून बघायची, बाळ झोपलं तरी नाकाशी बोट धरून यायची. तिने माझ्यातलं ब्लेड काढून टाकलं, बाळाला लहान झालेला एक मोजा घेतला, त्यात मला घातलं, आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवून डबा कपाटाच्या डोक्यावर सरकवला. लिफ्टवाल्याच्या खाटेच्या अगदी समोर. तिथून मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं, बाकीचं मी आवाजावरून ताडायचो.

काही दिवसांनी मुलाने बापाची दाढी केली. प्लॅस्टिकच्या रेझरने, कामावर जाण्याआधी, घाईघाईत. एक हात वरून खाली, आणि टॉवेल. "झालं बाबा. चकाचक."

आणि मी तो शब्द ऐकला. जड जिभेने, तोंडातल्या तोंडात, पण स्पष्ट.

"उलटी."

डब्यात मी आनंदाने उड्या मारल्या असत्या! शब्द सापडला होता त्याला!

पण स्वयंपाकघरातून सून धावली. "अहो, धरा धरा, बाबांना उलटी होतेय!" तिने त्याच्या हनुवटीखाली भांडं धरलं. तो मान हलवत राहिला. "उल... टी." "हो बाबा, होऊ दे, मोकळी होऊ दे," म्हणत ती पाठ चोळत राहिली.

त्यानंतर दर दाढीला तेच. मुलगा टॉवेल ठेवायचा, बाप म्हणायचा "उलटी", सून भांडं आणायची. बाहेर काहीच पडायचं नाही. मुलाने सासरी ताईला, म्हणजे त्या मोठ्या मुलीला, फोन केला. "बाबांना सारखी उलटीची भावना होते गं." फोनवर उलटी ती उलटीच. ताई म्हणाली, "हलकं द्या त्यांना. पचत नसेल." डॉक्टरांनी मळमळीचं औषध लिहून दिलं. मग सुनेच्या लक्षात आलं की दाढी केली की हे होतं. "साबणाच्या वासाने ढवळत असेल हो. राहू दे ती दाढी. कुठे जायचंय त्यांना?"

दुसरा हात मागणाऱ्या माणसाचा पहिलाही हात बंद झाला.

दाढी वाढली. जेवण पातळ झालं. जे द्यायचं ते गाळून, वाटीभर. पोळी बंद, भात बंद. रोज सकाळी मुलगा दाढी करून, टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर यायचा आणि खाटेवरून आवाज यायचा, "उलटी." मुलाच्या गालाकडे बघून म्हणत असणार तो. सून म्हणायची, "बघा, सकाळी सकाळीच मळमळतं." आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला. मी वर मोज्यात पडून, बाळाचा वास घेत, ऐकत होतो. मला कान होते, जीभ नव्हती.

सुनेला नावं ठेवू नका. जिच्या कडेवर बाळ आहे तिला तो शब्द ऐकला की भांडंच आठवणार. पळत तर तीच येत होती.

मग मुलाच्या गळ्यावर पुरळ उठलं. प्लॅस्टिकच्या रेझरने आग व्हायची. कामावरचं कुणीतरी म्हणालं, जुना एका ब्लेडचा रेझर वापर, ब्रशने फेस कर, बरं वाटेल. त्याच सुमारास बाप वाळत चालला म्हणून ताई त्याला बघायला आली होती. सकाळी मुलगा स्टुलावर चढला आणि डबा काढला.

"मोज्यात?" तो हसला. "थंडी वाजत होती का याला?"

"हसा. पोरीच्या हाती लागलं असतं म्हणजे कळलं असतं," सून म्हणाली. "आणि इथेच करा दाढी, माझ्या डोळ्यांसमोर."

कपाटाच्या आरशापुढे मुलाने माझ्यात नवं ब्लेड बसवलं आणि फेस केला. मी कित्येक महिन्यांनी उजेड पाहिला, आणि आरशातून लिफ्टवाल्याला पाहिलं. पांढरी पिंजारलेली दाढी, आत खचलेले गाल. मी ओळखलं नसतं. त्याने मात्र मला ओळखलं. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी घळघळा वाहायला लागलं.

मुलाने सुलटी केली. दाबत होता, पण जमवलं. टॉवेल उचलला.

"उलटी!" खाटेवरून आवाज आला. "उल... टी! उल... टी!"

सून भांडं घेऊन धावली. बापाने डाव्या हाताने ते भांडं उडवून लावलं. ते खणखणत दारापर्यंत गेलं, चहाचे कप घेऊन येणाऱ्या ताईच्या पायाशी. ताईने भांड्याकडे पाहिलं, मग भावाच्या गालावरच्या फेसाकडे, मग माझ्याकडे.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सुलटी झाली?"

तो म्हणाला, "हो."

"उलटी राहिलीय?"

"हो." आणि पुन्हा, लांबलचक, "होऽ."

ताईने कप कसेबसे खाली ठेवले. "अरे, दाढीची उलटी रे! उलट्या हाताची! रोज करायचे बाबा. तुला कसं माहीत नाही?"

"मला कोण सांगणार?" मुलगा तोंडावर फेस घेऊन तसाच उभा. "आणि तू फोनवर हलकं द्या म्हणालीस!"

"तू उलटी होतेय म्हणालास!"

सून जमिनीवर बसली. तिने कुणाशीच भांडण केलं नाही. नुसतं म्हणाली, "मी त्यांचं जेवण तोडलं हो ताई."

मग त्याच भांड्यात कढत पाणी आणलं. ताईने कात्रीने दाढी कमी केली, मुलाने फेस लावला. "दाबू नकोस," ताई म्हणाली, "त्याला त्याचं वजन आहे, असं म्हणायचे बाबा." मी सुलटी गेलो. जिथे गाल होता तिथे खळगा होता, मुलाला कातडी दोन बोटांनी ताणून धरावी लागत होती. मग पुन्हा फेस. मग खालून वर. त्या सकाळी अर्ध्या वाटेत थांबलेली लिफ्ट मी वर नेली.

ताईने वहिनीचा पालथा हात धरून त्याच्या गालावर ठेवला. "आई असं बघायची. सांग त्यांना."

सुनेने तो गालावरून वर फिरवला. मग म्हणाली, "पास, बाबा."

अर्धं तोंड हसलं. अर्धंच हसता येत होतं.

त्यानंतर पोळी आली, भात आला, रोजची दाढी आली. पण अंग उतरलं होतं ते पुन्हा भरलं नाही. थोड्याच दिवसांत तो गेला. जाताना गाल गुळगुळीत होता, एवढंच मी करू शकलो.

आता मी मुलाकडे असतो. त्याचा हात बापासारखा नाही, पण हलका होत चाललाय. दाढी झाली की सून मला पुसून पुन्हा त्याच मोज्यात ठेवते. रोज सुलटी झाली की तो जरा थांबतो. कधी नकळत स्वतःशीच म्हणतो, "उलटी." तेव्हा स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज एकदम बंद होतो, आणि मी त्याच्या गालावरून वर जाऊन येईपर्यंत बंदच असतो.

तुमच्याही घरी कुणी म्हातारं, आजारी माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत असेल. भांडं आणायला जरूर पळा, पण येताना त्याला विचारा, "बाबा, काय राहिलंय?" आणि ज्याला त्याची जुनी सकाळ ठाऊक आहे, त्यालाही विचारा. मला जीभ नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्हाला आहे. शेजारी सांगा, माहेरी सांगा, फोनवर सांगा. पण फोनवर जरा नीट फोड करून सांगा.