पातळ नळी, जाड तळवा

बाबांचा वॉकर आठ दिवस भिंतीला टेकून तसाच उभा होता. वजनाला हलका, गुळगुळीत फरशीवर सरकायचा, म्हणून थोरल्या लेकीने त्याच्या पातळ नळ्यांना बोटभर जाडीच्या पोलादी पट्टीचे तळवे जोडले होते. वेल्डिंग दिसायला देखणं. पण तिसऱ्याच पावलाला एक तळवा गळून पडला नि बाबा मटकन खाली बसले. लागलं काही नाही. मात्र त्यानंतर त्यांनी वॉकरला हात लावला नाही. जन्मभर वेल्डिंग केलेला माणूस आता खुर्चीतून नुसता दाराकडे बघत राही.

आज त्यांनी आपणहून विचारलं, "नळी जळेल म्हणून भ्यायलीस ना?"

"हो. करंट कमी ठेवला."

"मग वेल्डिंग नळीनं धरलं, पट्टीनं नाही. जाड पट्टी सगळी ऊब पिऊन टाकते गं. वर नुसतं मेण सांडल्यासारखं बसतं."

"बाबा पडले, आणि रडली ताई," धाकटी म्हणाली.

"तू गप," थोरली म्हणाली. " वॉकर धर नीट."

तिने उरलेले तीन तळवेही काढले, चौघांच्या कडा घासून उजळ केल्या. गॅसच्या ज्योतीने पट्टी तापवली. वर टाकलेला पाण्याचा थेंब नाचत उडून गेला. मनातल्या मनात हात जोडून तिने काळ्या काचेचा वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला.

जग हिरवंकाळं झालं. खोली नाही, भिंती नाहीत. फक्त वितळल्या पोलादाच्या उजेडाचं एक इवलंसं तळं. रॉडचं टोक तिने पट्टीवरच धरलं होतं. तळं रुंदावलं, संथ झालं, आणि निजलेल्या लेकराला हळूच हात लावून यावं तसं नळीच्या काठाला भिजवून परतलं. लहानपणी ती वेल्डिंगची हीच चरचर ऐकत झोपी जायची. पाण्याखालून यावा तसा बाबांचा आवाज आला, "आवाज एकसारखा आहे. आता जरा नळीकडे... पुरे. परत ये."

किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

तळवे निवल्यावर तिने एकेकावर हातोडी मारली.

"जोरात," बाबा म्हणाले.

तिने दात आवळून मारली. पट्टी खणखणली, सुटली नाही.

"आण इकडे."

बाबा वॉकर धरून उठले. एक पाऊल. दुसरं. तिसरं. चौथं पडलं, तेव्हा थोरलीने श्वास सोडला.

बाबा दारात पोचले, उन्हात थांबले. "जड झालाय हं," ते म्हणाले. "बरंय. आता मला सोडून पुढे पळणार नाही."